मुलांच्या मंडळाचा कारभार मुलांच्या हाती द्या

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील माध्यमिक शाळांचे संस्थाचालक व मुख्याध्यापक, तसेच शाळांमधल्या सेवा मंडळांचं पालकत्व घेतलेल्या रोटरी, लायन्ससारख्या क्लबांचे पदाधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

या वर्षीचं वेळापत्रक लागलं तेव्हा आपल्यापैकी अनेक शाळांत आठवी-नववीच्या सेवा मंडळाचा आठवड्याचा तास त्यात नव्हता. त्या जागी गणित-विज्ञानाचा जादा तास आला होता. विचारलं तर उत्तर मिळालं, "मंडळ बंद केलेलं नाही. कार्यक्रम असला की मुलांना मोकळं करू." हे उत्तर आम्हाला मान्य नाही. स्टाफरूममध्ये बोलून काही हललं नाही, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहोत. पालकांनीही ते वाचावं.

आम्ही या तीन जिल्ह्यांत इंटरॅक्ट, लिओ, हरित सेना, स्काऊट-गाईड आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकांसोबत काम करणारे शिक्षक आणि स्वयंसेवक आहोत. मंडळ नीट चाललं की चौदा वर्षांची मुलगी पंचायतीच्या कचेरीत जाऊन न अडखळता बोलते. नावापुरतं चाललं की तीच मुलगी पुढच्या वर्षी नावही नोंदवत नाही. आमचं सगळं म्हणणं या फरकाबद्दल आहे.

ही मंडळं निघाली कशासाठी, ते आधी सांगतो. लायन्सचा पहिला लिओ क्लब १९५७ मध्ये आणि रोटरीचा पहिला इंटरॅक्ट क्लब १९६२ मध्ये, दोन्ही अमेरिकेतल्या हायस्कुलांत सुरू झाले. इंटरॅक्ट १२ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी आहे. वर्षाला किमान दोन प्रकल्प करायचे, एक शाळेच्या किंवा गावाच्या उपयोगाचा आणि एक इतर देशांची ओळख वाढवणारा. पदाधिकारी मुलंच असतात, मोठ्यांनी पाठीशी राहायचं असतं. आपल्याकडे राष्ट्रीय सेवा योजना गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झाली. तिच्या स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करायचं आणि सात दिवसांचं शिबिर करायचं, हे लिहून ठेवलेलं आहे. म्हणजे अकरावीपासून पुढच्या मुलांचे तास ठरलेले आहेत. आठवी-नववीसाठी असं बंधन शाळेवर नाही, म्हणून वेळापत्रकाला कात्री लावायची वेळ आली की ती आधी याच तासाला लागते.

नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ रोजी तिरंगा घेऊन पुढे झालेला शिरीषकुमार मेहता पंधरा वर्षांचा होता. त्याच्यासोबत आणखी चौघे हुतात्मा झाले. दरवर्षी त्या दिवशी आपण शाळाशाळांतून त्याच्यावर भाषणं ठेवतो. त्याच वयाच्या मुलाला आपण आज दोन हजार रुपयांचा हिशेब स्वतःच्या हाताने लिहू देत नाही, याचा आपण शांतपणे विचार करावा अशी विनंती आहे.

आता एकेक तक्रार.

पहिली तासाची. "शाळा सुटल्यावर बैठक घ्या" असं आम्हाला सांगितलं जातं. तालुक्याच्या किंवा बाजाराच्या गावातल्या कुठल्याही शाळेत आजूबाजूच्या खेड्यांवरून एसटीने येणारी मुलं भरपूर असतात. अहिल्यादेवी होळकर योजनेमुळे पाचवी ते बारावीच्या मुलींना पास मोफत आहे, पण संध्याकाळची गाडी पाच-सव्वापाचला निघून जाते आणि तिच्यानंतरची गाडी असेलच असं नाही. मग बैठकीला उरतं कोण? ज्यांचं घर शाळेजवळ आहे ती मुलं, आणि ज्यांना न्यायला घरून मोटारसायकल येते ती. दोन महिन्यांत मंडळ या पाच-सात जणांचं होऊन जातं. खेड्यावरच्या मुलीचं नाव यादीत राहतं, ती मात्र बैठकीत कधीच नसते.

वर्षातला कामाचा वेळ मुळात किती आहे तेही मोजून बघा. शाळा जूनच्या मध्यावर उघडते, पहिला पंधरवडा प्रवेश आणि पुस्तकांत जातो. ऑक्टोबरात सत्र परीक्षा. दसऱ्याच्या आसपास कापसाची वेचणी सुरू झाली की कोरडवाहू भागातल्या वर्गांत बाकं रिकामी दिसू लागतात. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला किंवा गुजरातेत कामाला जातात, मुलंही सोबत जातात. मग क्रीडास्पर्धा, स्नेहसंमेलन, आणि फेब्रुवारीपासून सगळी शाळा दहावीच्या परीक्षेत. हातात उरतात जुलै ते सप्टेंबरचे तीन महिने आणि दिवाळीनंतरचे पाच-सहा आठवडे. दर आठवड्याला तास मिळाला तरी जेमतेम अठरा-वीस बैठका होतात. त्याच काढून घेतल्या तर मंडळाचं काहीच उरत नाही.

एका तासिकेत एक बैठक नीट बसते. पाच मिनिटं मागचं इतिवृत्त वाचायला. दहा मिनिटं, ज्याने जे काम अंगावर घेतलं होतं ते झालं का, हे विचारायला. पंधरा-वीस मिनिटं एकाच नव्या विषयावर. उरलेल्या वेळात कोण काय करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, ते नावानिशी वहीत. शिक्षकाने मागच्या बाकावर बसायचं. शिक्षक फळ्याजवळ उभे राहिले की मुलं एकमेकांशी बोलायची थांबतात आणि प्रत्येक वाक्य सरांकडे बघून बोलतात. बैठक बिघडण्याचं आम्हाला सर्वाधिक दिसलेलं कारण हेच आहे, आणि ते घालवायला फक्त खुर्ची हलवावी लागते.

दुसरी तक्रार निवडीची. पहिल्या नंबरचा विद्यार्थी अध्यक्ष, देणगीदारांचा किंवा संचालकांचा मुलगा उपाध्यक्ष, अक्षर चांगलं म्हणून एक मुलगी सचिव. कार्यक्रमात माइक मुलांकडे, रांगोळी आणि औक्षणाचं ताट मुलींकडे. हे थांबवा. उमेदवाराला वर्गासमोर दोन मिनिटं द्या, "मी काय करणार" एवढंच सांगायला. मग कोऱ्या चिठ्ठ्या, एक रिकामं खोकं आणि सगळ्यांदेखत फळ्यावर मोजणी. अध्यक्ष नववीचा असावा. दहावीच्या मुलाला पद दिलं की दिवाळीनंतर तो हाताशी राहत नाही. सहअध्यक्ष आठवीतून घ्या, म्हणजे पुढच्या वर्षी अनुभवी मूल आयतं मिळतं.

प्रत्येक पदावर जोडी हवी, हे आम्ही विशेष आग्रहाने सांगतो. वेचणीच्या दिवसांत किंवा स्थलांतरात एक जण गेला तरी वही दुसऱ्याकडे राहते, आणि गेलेला परत आला की त्याची जागा त्याची असते. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत जोडी न नेमलेलं मंडळ जानेवारीत शोधूनही सापडत नाही. बैठकीत अहिराणी, पावरी, भिली, जी ज्याची बोली ती चालू द्या. इतिवृत्त मराठीत लिहिलं की झालं. "नीट मराठीत बोल" असं ऐकून खाली बसलेलं मूल त्या वर्षी पुन्हा हात वर करत नाही.

तिसरी तक्रार सगळ्यांत मोठी आहे. कोणतं काम करायचं हे मुलं ठरवतच नाहीत. जुलैत वरून निरोप येतो की वृक्षारोपण आहे. शंभर रोपं येतात, पाहुणे येतात, फोटो होतात. जळगाव-भुसावळच्या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, काळी जमीन भेगाळते आणि शाळेला सुट्टी असते. पाणी कोण घालणार हे लागवडीच्या दिवशी कुणी ठरवलेलं नसतं. पुढच्या जुलैत त्याच खड्ड्यांत नवी रोपं लागतात आणि मुलं ते बघत असतात.

हेच काम मुलांनी ठरवलं तर ते पाण्याच्या हिशेबापासून सुरू होतं. पहिल्या उन्हाळ्यात एका रोपाला आठवड्यातून दोनदा बारा लिटर पाणी धरा. वीस रोपांना आठवड्याला ४८० लिटर लागतं, म्हणजे दोनशे लिटरची जवळजवळ अडीच पिंपं. एप्रिल-मेमध्ये शाळेच्या टाकीत तेवढं असतं का? नसेल तर दहाच रोपं लावायची. "शंभर नको, दहा लावू" हे पाहुण्यांना सांगण्याचं काम मुलांनीच करायचं, आणि मोठ्यांनी ते ऐकायचं. पुढचं सगळं हाताचं काम. दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा मे महिन्यातच खणून तापू द्यायचा. भरताना मातीत कुजलेलं शेणखत मिसळायचं, ओलं शेण टाकलं तर हुमणी (मुळं खाणारी अळी) होते. कडुनिंब, करंज, चिंच, बहावा अशी इथलं ऊन सोसणारी झाडं निवडायची. बकऱ्यांसाठी बाभळीच्या फांद्यांचं कुंपण. आळ्यात केळीच्या वाळलेल्या पानांचं वीतभर जाड आच्छादन, पण बुंध्यापासून चार बोटं दूर, नाहीतर खोड कुजतं. रावेर-यावलकडे ही पानं मागितली की मिळतात. इतरत्र पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं) बारीक तोडून घालता येतात. सुट्टीतल्या पाण्यासाठी गावातच राहणाऱ्या दोघादोघांच्या पाळ्या, तारखा टाकून शाळेच्या फाटकावर लावायच्या. वर्षअखेरच्या अहवालात आकडा लिहायचा तो १५ जूनला जिवंत असलेल्या रोपांचा.

नव्या मंडळाला पहिलं काम म्हणून आम्ही सार्वजनिक नळाची गळती सुचवतो, कारण ते छोटं आहे, बिनखर्ची आहे आणि त्याचा शेवट दिसतो. एक लिटरची बाटली गळणाऱ्या नळाखाली धरायची आणि घड्याळ लावायचं. पाच मिनिटांत भरली तर ताशी बारा लिटर पाणी वाया जातंय. नळाला पाणी दिवसभर असेल तर रोजचे २८८ लिटर होतात. पण आपल्याकडे कितीतरी गावांत पाणी दोन-चार दिवसांआड आणि ठरावीक वेळच येतं. त्यामुळे आधी आसपासच्या पाच घरांत विचारायचं, पाणी किती दिवसांनी आणि किती वेळ येतं, आणि मगच गुणाकार करायचा. हे न विचारता मोठा आकडा लिहिला तर कचेरीत पहिल्याच प्रश्नाला मुलं अडकतात आणि सगळा अर्ज फुकट जातो. माप तीन वेगवेगळ्या दिवशी घ्यायचं, वहीत तारीख आणि वेळ टाकायची.

मग ग्रामपंचायतीला एका पानाचा अर्ज. नळ कुठला, गळती किती, दुरुस्ती काय हवी: वॉशर, तोटी की पाइपचा जोड. अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय परत फिरायचं नाही. मुलं हमखास चुकतात ती इथेच. अर्ज सरपंचांच्या हातात देऊन येतात, आणि महिन्याने तो कुणालाच सापडत नाही. पंधरा दिवसांनी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) आवक क्रमांक सांगून विचारायचं. तरीही काही झालं नाही तर सरपंचांची परवानगी घेऊन येत्या ग्रामसभेत दोघांनी उभं राहायचं आणि तीन मिनिटांत मापं वाचून दाखवायची. मुलांना तिथे मत नाही, पण तारीखवार लिहिलेली मापं गावासमोर वाचली गेली की उत्तर टाळणं अवघड होतं. नकार आला तर तोही इतिवृत्तात लिहायचा आणि पुढच्या बैठकीत ठरवायचं, पुन्हा अर्ज करायचा की वॉशर आपणच बदलायची परवानगी मागायची. नेतृत्व शिकवायचं म्हणून आपण जी व्याख्यानं ठेवतो, त्यांच्या विषयांतलं जवळजवळ सगळं या एका नळापाशी मुलांच्या अंगवळणी पडतं.

चौथी तक्रार पैशांची. कोषाध्यक्ष हे पद मुलाला देतात, पण पैसा त्याला दिसतही नाही. शाली, श्रीफळं, बॅनर आणि नाश्ता यांवर प्रत्यक्ष कामापेक्षा जास्त खर्च झाला, तर तो मुलांना कळलाच पाहिजे आणि त्यावर त्यांना प्रश्नही विचारता आला पाहिजे. पद्धत सोपी आहे. मंडळाचा निधी शाळेच्याच खात्यात, मुख्याध्यापकांच्या सहीने. किरकोळ खर्चासाठी पाचशे रुपये कोषाध्यक्षांच्या जोडीकडे, शाळेच्या कपाटात कुलपात. दर खर्चाला व्हाउचर: तारीख, कशासाठी, कुणाला, किती, आणि दोघांच्या सह्या. पावती मागे चिकटवायची. पावती न देणाऱ्या हातगाडीवाल्याची कागदावर सही घ्यायची. महिनाअखेरीस जमा, खर्च आणि शिल्लक फळ्यावर.

रोख आणि वही जुळली नाही तर मुलांवर ओरडू नका. शेवटची जुळलेली तारीख शोधा आणि तिथून एकेक व्हाउचर पुढे तपासा. फरक बहुतेक वेळा झेरॉक्समध्ये किंवा रिक्षाभाड्यात निघतो. खिशातून भरपाई करायला मूल कधीच लावू नये. एकदा तसं झालं की पुढच्या वर्षी त्या पदाला कुणी उभं राहत नाही, विशेषतः गरीब घरचं मूल.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात, पण यात तडजोड नको. नदीस्वच्छतेच्या नावाखाली मुलांना गिरणेच्या किंवा तापीच्या पात्रात उतरवू नका. वाळू उपशाचे खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत, आणि गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल खोलात पडतं. काम काठावर करा. हातमोजे द्या. सुई, काच आणि औषधांचा कचरा मुलांनी उचलायचा नाही. मार्चनंतर बाहेरचं काम सकाळी नऊच्या आत संपलं पाहिजे. शाळेबाहेरच्या प्रत्येक कामात किमान दोन मोठी माणसं, मुली असतील तर त्यांतली एक बाई, आणि पालकांची लेखी संमती. फळवाटपाच्या वेळी रुग्णाचा किंवा वह्या घेणाऱ्या मुलाचा चेहरा फोटोत घेऊ नका. घेणारं मूल त्याच शाळेत, त्याच वर्गात बसत असतं.

आमच्या मागण्या अशा आहेत.

संस्थाचालकांनी आठवी आणि नववीला सेवा मंडळाची आठवड्याची एक तासिका वेळापत्रकात परत आणावी, शक्यतो मधल्या सुट्टीला लागून, म्हणजे लांबली तरी कुणाची गाडी चुकणार नाही. जुलै ते सप्टेंबर या काळात त्या तासिकेवर दुसरा कुठलाही तास लावू नये. दर मंडळाला वर्षाला किमान दोन हजार रुपये द्यावेत आणि ते कशावर खर्च करायचे ते मुलांच्या बैठकीत ठरावं. समारंभाचा खर्च या रकमेतून होऊ नये.

मुख्याध्यापकांनी पदाधिकाऱ्यांची निवड गुप्त मतदानाने घ्यावी. इतिवृत्ताची वही तीन महिन्यांतून एकदा स्वतः वाचावी. ती दुरुस्त करू नये, शेरा लिहावा. मार्गदर्शक शिक्षकाला या कामासाठी एक तासिका कमी द्यावी. आज हे काम ज्या शिक्षकाकडे आहे, त्याच्याकडेच शालेय पोषण आहार, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि ऑनलाइन माहिती भरणंही असतं. त्याला मोकळा वेळ न देता मंडळ चालावं ही अपेक्षा रास्त नाही.

पालक क्लबांना सांगायचं ते असं. आपलं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि आपले पदाधिकारी दरवर्षी बदलतात. त्यांच्यासोबत मंडळाचा मार्गदर्शक बदलू नका. शाळेला एक माणूस तीन वर्षांसाठी द्या, जो महिन्यातून एका बैठकीला येईल आणि मागच्या बाकावर बसेल. पदग्रहणाचा वेगळा सोहळा नको, परिपाठात शपथ झाली तरी पुरे. प्रकल्प ठरवून पाठवू नका. मुलांनी ठरवलेल्या कामात जे मुलांच्या आवाक्याबाहेर आहे तेवढंच करा: एखादा प्लंबर पाठवा, अधिकाऱ्याची वेळ मिळवून द्या, टँकरचं पाणी लागलं तर ते द्या. आणि मुलांचं काम फसलं तर पुढच्या बैठकीला नक्की या. त्या बैठकीत आपली गरज सगळ्यांत जास्त असते.

गुणवत्ता यादी आणि जादा तासांचं महत्त्व आम्ही नाकारत नाही. आमचीही मुलं याच परीक्षांना बसतात. पण आठवड्यातल्या एका तासिकेने निकाल घसरत नाही. मंडळाची वही लिहिणाऱ्या मुलांचं लेखन सुधारलेलं भाषेच्या शिक्षकांना दिसतं. आपण त्यांना विचारून बघा.

हा विषय दिवाळीच्या सुट्टीआधी मुख्याध्यापक संघाच्या बैठकीत घ्यावा अशी विनंती आहे. त्या बैठकीला प्रत्येक जिल्ह्यातून दोन मुलं आणि दोन मुली बोलवाव्यात, त्यांतली निम्मी खेड्यावरून येणारी असावीत, आणि पहिल्यांदा त्यांना बोलू द्यावं. इतिवृत्ताच्या आणि हिशेबाच्या वह्यांचे नमुने, मतदानाची चिठ्ठी, गळती मोजायचा तक्ता आणि पाळीपत्रक आम्ही सोबत आणू. ज्या शाळेला मंडळ नव्याने उभं करायचं असेल, तिथे पहिल्या चार बैठकांना आमच्यापैकी कुणी तरी येऊन बसेल. त्यासाठी मानधन नको.

आपले,
शालेय सेवा मंडळांचे काही मार्गदर्शक शिक्षक व स्वयंसेवक
जळगाव, धुळे, नंदुरबार